मॉली ब्राऊनचं घर, डेन्व्हर: टायटॅनिक बघायला जाल तर हिरमुसाल

मृदुला_कोलोरॅडो

पाहुणे आले की डोंगर, रेड रॉक्स वगैरे उरकल्यावर "आता शहरात काय?" हा प्रश्न ठरलेला आणि माझं उत्तरही ठरलेलं, मॉली ब्राऊनचं घर. नाव घेतलं की सगळ्यांना ती लगेच आठवते, टायटॅनिकमधून वाचलेली, लाइफबोटीत वल्हं हातात घेणारी, नाविकाला दम भरणारी, त्या १९९७ च्या पिक्चरमधली ठसकेबाज बाई. आणि मग घरात शिरल्यावर लोक पहिली दहा मिनिटं टायटॅनिक शोधत फिरतात आणि हिरमुसतात, कारण घरात बोट अगदी नावापुरती आहे, बाकी सगळा संसार. म्हणून हा धागा. टायटॅनिक डोक्यातून काढून जा, मग मजा येते असं माझं मत, कोणाचं वेगळं असेल तर लिहा.

आधी थोडी माहिती. कॅपिटॉल हिल भागात १३४० पेनसिल्व्हेनिया स्ट्रीट. १८८९ मध्ये विल्यम लँग नावाच्या आर्किटेक्टने हे घर लार्ज नावाच्या श्रीमंत जोडप्यासाठी बांधलं, त्यांचा पैसा १८९३ च्या मंदीत बुडाला, आणि १८९४ मध्ये ब्राऊन नवराबायकोने ते ३०,००० डॉलरला घेतलं. हे दोघं लेडव्हिलचे, कोलोरॅडोतल्या खाणींच्या गावचे. म्हणजे मार्गारेट टोबिन, हीच आपली मॉली, मूळची मिसुरीतल्या हॅनिबल गावची, आयरिश कॅथलिक, बेताच्या घरातली, अठराव्या वर्षी भावाबहिणींच्या मागे लेडव्हिलला आली, कापडाच्या दुकानात कामाला लागली आणि १८८६ मध्ये तिथल्याच खाणीवरच्या जे. जे. ब्राऊनशी लग्न केलं. लिटल जॉनी खाणीत वाळूसारखा भुसभुशीत डोलोमाइट दगड ढासळायचा म्हणून खाली जाता येत नव्हतं, तर या जे. जे. ने लाकडाचे टेकू आणि गवताच्या गाठी लावून तो थोपवला, खाली सोनं निघालं, कंपनीने त्याला १२,५०० शेअर्स दिले आणि बोर्डावर घेतलं. गवताच्या गाठींवर उभी राहिलेली श्रीमंती, हे मला फार आवडतं.

घर बाहेरून करड्या ज्वालामुखी दगडाचं, कडांना लाल वालुकाश्म, पायऱ्यांवर दगडी सिंह. दार उघडून आत गेलात की जरा अंधारच वाटतो आणि मग डोळे सरावले की भिंती चमकायला लागतात. हा ॲनाग्लिप्टा म्हणून उठावाचा जाड कागद असतो, लगदा साच्यात दाबून केलेला, त्यावर सोनेरी रंग दिलाय. लांबून चामड्यावर ठोकून काम केल्यासारखं दिसतं. हात लावायचा नाही, पण बाजूने उभं राहून दिव्याच्या तिरप्या उजेडात बघा, पानाच्या शिरासुद्धा उठून दिसतात, आणि मग लक्षात येतं की हे सगळं कागदाचं आहे, म्हणजे "आहे त्यापेक्षा महाग दिसायला हवं" हा हिशोब तेव्हाही होताच. दिवाणखान्यात ध्रुवीय अस्वलाचं कातडं, जबड्यासकट, पोरं तिथून हलत नाहीत. जेवणाच्या खोलीत मान वर करा, छतावर आकाश आणि पानं रंगवलीत, काचेच्या वनस्पतीघरात बसून जेवल्यासारखं वाटावं म्हणून. वीज, नळ, फोन, सगळं होतं घरात, त्या काळात.

बाकी तुम्ही विचारा, मी सांगते.

गवतीचहा

मस्त धागा गं! मी टायटॅनिकवेडी आहे त्यामुळे तुझं टायटल वाचून आधी रागच आला :) पण खरंच काहीच नाही का बोटीचं? मग म्युझियम तिच्या नावाने कशाला?

चौकसबुवा

मी जाऊन आलोय. माझी तक्रार वेगळी आहे. टूरमध्ये अर्ध्या वस्तूंबद्दल सांगतात की ही "त्या काळातली" आहे, म्हणजे तिची नाही. खुर्ची त्या काळातली, पलंग त्या काळातला, मग मी अँटिकच्या दुकानात फुकट फिरलो असतो की. तिकीट काढून दुसऱ्याच्या आजीचं फर्निचर का बघायचं? ज्या बाईच्या नावाने घर आहे तिचं त्यात काय काय आहे एवढंच मला हवं होतं.

मृदुला_कोलोरॅडो

@गवतीचहा काहीच नाही असं नाही गं, सांगतात, त्याचा भाग असतो टूरमध्ये आणि वरच्या मजल्यावर अधूनमधून बदलती प्रदर्शनंही असतात. पण तू बोटीचं मॉडेल, तुटकी बशी, लाइफजॅकेट असं डोक्यात घेऊन गेलीस तर नाही.

@चौकसबुवा कुठल्या वस्तू मूळच्या ते गाइडला थेट विचारायचं की हो, विचारल्यावर ते मनापासून दाखवतात. काही वस्तू कुटुंबाकडून परत आल्यात. पण तिच्या मृत्यूनंतर मंदीच्या दिवसांत घर विकलं गेलं, सामानाची पांगापांग झाली, आता कुठून आणणार?

केतकी_जीर्णोद्धार

माझं कामच जुन्या इमारतींचं आहे त्यामुळे राहवत नाही, लांबलचक लिहिते, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

चौकसबुवांचा प्रश्न बरोबर आहे पण त्यांनी तो खुर्चीला विचारला, भिंतीला विचारायला हवा होता. मार्गारेट गेली १९३२ मध्ये. तिच्या हयातीतच १९२० च्या दशकात घरात भाडेकरू ठेवायला सुरुवात झाली होती, ती गेल्यावर तर आत फळ्या ठोकून बारा वेगळ्या खोल्या पाडल्या. नंतर पुरुषांचं बोर्डिंग, मग १९६० च्या दशकात शहराने भाड्याने घेऊन "वाया गेलेल्या" मुलींसाठी वसतिगृह. त्या सगळ्या काळात त्या सोनेरी कागदावर किती रंगाचे हात बसले असतील विचार करा. १९७० मध्ये डेन्व्हरमध्ये जुनी घरं सरसकट पाडायचं पीक आलं होतं, तेव्हा काही लोक एकत्र आले, हिस्टॉरिक डेन्व्हर नावाची संस्था काढली, खास हे घर वाचवायला, आणि त्यांनीच ते विकत घेऊन म्युझियम केलं. म्हणजे डेन्व्हरची आजची जी सगळ्यात मोठी वारसा जपणारी संस्था आहे ती या घरापासून सुरू झाली.

आता खरी गंमत. बारा खोल्यांचं बोर्डिंग परत घर करायचं तर कशावरून? तर मार्गारेटने १९१० मध्ये स्वतः घराच्या आतले फोटो काढून घेतले होते. खोल्याखोल्यांचे. कुठला पडदा कुठे, कुठल्या कोपऱ्यात कुठली कुंडी, अस्वलाचं डोकं कुठल्या दिशेला, सगळं त्यात आहे. पण फोटो कृष्णधवल. त्यातून आकार कळतो, नक्षी कळते, रंग कळत नाही. मग रंगाचे टवके काढतात, नखाच्या चतकोराएवढे, ते आडवे कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात, की सगळ्यात वर वसतिगृहाचा रंग, त्याखाली बोर्डिंगचा, त्याखाली अजून कोणाचा, असं उतरत उतरत १९१० च्या थराशी पोचायचं. मधे काजळीची काळी रेघ लागली की समजायचं हा थर बरीच वर्षं उघडा होता. तो रंग घेऊन फोटोतल्या नक्षीत भरला की खोली उभी राहते.

तेव्हा या म्युझियममधली सगळ्यात मोठी मूळ वस्तू म्हणजे घर. खुर्ची फोटोतल्यासारखी दुसरी आणली म्हणून बिघडत नाही.

सुलभामावशी

केतकी, किती छान समजावून सांगितलंस. आमच्या वाड्याची भिंत खरवडली तेव्हा असेच थर निघाले होते, हिरवा, मग निळा, मग चुना. पण ते बघायला कोणाला वेळ होता, बिल्डर उभाच होता दारात.

चौकसबुवा

@केतकी पटलं, पण अर्धंच. मग तुम्ही १९१० च का निवडलंत? त्या घरात बोर्डिंगवाले, वसतिगृहातल्या मुली मिळून मार्गारेटपेक्षा जास्त वर्षं राहिल्या असतील. त्यांचे थर खरवडून फेकून दिलेत आणि एका श्रीमंत बाईचा दिवाणखाना परत सजवलात. तेही एक प्रकारचं पाडणंच झालं ना.

केतकी_जीर्णोद्धार

"तुम्ही" काय, मी नव्हते तिथे हो :) पण हा वाद आमच्या धंद्यातला रोजचा आहे. एखादं साल धरलं की त्याच्या पुढचं सगळं गाळावंच लागतं. १९१० धरलं कारण पुरावा १९१० चा आहे, तो फोटोंचा संच नसता तर सगळा अंदाजपंचेच कारभार झाला असता. पुराव्याच्या मागे जायचं, आवडीच्या मागे नाही. तरी तुमचा मुद्दा खरा आहे, त्या मुलींची एक तरी खोली ठेवायला हवी होती असं मलाही वाटतं. आजकाल नवीन कामांमध्ये भिंतीचा हातभर तुकडा सगळ्या थरांसकट उघडा ठेवतात, तसं.

धनंजय_ऑस्टिन

थांबा थांबा. १९१० धरलंय म्हणजे त्या घरात टायटॅनिक अजून बुडालेलीच नाही! बोट बुडाली एप्रिल १९१२ मध्ये. घड्याळ दोन वर्षं आधीच थांबवलंय. मग दिवाणखान्यात टायटॅनिक सापडेल कशी? गवतीचहा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का?

गवतीचहा

अय्या हो की!! हे भारी आहे.

मृदुला_कोलोरॅडो

@धनंजय इतके पाहुणे नेले पण हे कोणी बोललं नव्हतं. आणि त्यात अजून एक भर, नवराबायको १९०९ मध्ये वेगळे झाले. घटस्फोट नाही, कॅथलिक ना दोघंही, पण कागदावर करार करून वेगळे. घर तिच्याकडे राहिलं (तसंही १८९८ मध्येच तिच्या नावावर झालं होतं) आणि महिन्याला ७०० डॉलर. म्हणजे ते १९१० चे फोटो आहेत ते नवरा निघून गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षाचे. मला वाटतं तिला कुठेतरी नोंद करून ठेवायची असेल, हे माझं, हे असं आहे. हे माझं मत हं, म्युझियमवाले असं म्हणत नाहीत. पण वेगळं झाल्याझाल्या कोण फोटोग्राफर बोलावून खोल्या टिपून ठेवतं?

सुलभामावशी

बाई ठेवते. मी सांगते ना. भांड्यांची यादी करून ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्यात.

तात्या_सांताक्लारा

वेगळं झाल्यावर फोटो म्हणजे इन्शुरन्ससाठी असतील. :P

गवतीचहा

इन्शुरन्सवरून आठवलं, तिचा टायटॅनिकचा क्लेम कोणी वाचलाय का? बोट बुडाल्यावर वाचलेल्यांनी टायटॅनिकच्या मालक व्हाइट स्टार कंपनीवर कोर्टात दावे लावले त्यात तिची हरवलेल्या सामानाची यादी आहे आणि ती वाचताना मला तिच्या खोलीत उभं राहिल्यासारखं वाटतं, म्युझियमवाल्यांनी ती भिंतभर छापून लावावी. एकूण २७,८८७ डॉलर. त्यातला एक नेकलेसच २०,००० चा, बाकी सगळं मिळून आठ हजारांच्या आसपास. चौदा हॅट २२५ डॉलर. तीन डझन हातमोजे ५० डॉलर. दोन जपानी किमोनो ५० डॉलर. अर्मिनच्या फरची ऑपेराला जाताना घालायची केप ५००. चार इव्हिनिंग स्लिपर १६ डॉलर, म्हणजे बघा, वीस हजारांच्या नेकलेसखाली सोळा डॉलरच्या चपलासुद्धा सोडल्या नाहीत तिने. आणि या गाऊन, लेस, रेशमी मोज्यांच्या मधोमध एक ओळ येते, डेन्व्हरच्या म्युझियमसाठी प्राचीन नमुन्यांचे तीन खोके, ५०० डॉलर. इजिप्तहून आणत होती ना ती.

मृदुला_कोलोरॅडो

बघ, हे मला माहीतच नव्हतं तीन खोक्यांचं. म्हणजे आमच्या गावच्या म्युझियमचा माल अटलांटिकच्या तळाशी आहे!

अनघा_पुणे

ती इजिप्तला काय करत होती? मला टायटॅनिकपर्यंतची गोष्ट कोणीतरी सलग सांगा ना, पिक्चरमध्ये नुसती बडबड करताना दिसते.

गवतीचहा

@अनघा सांगते. १९१२ च्या सुरुवातीला ती मुलगी हेलेनबरोबर युरोप-इजिप्त फिरत होती, अमेरिकन कोट्यधीश जॉन जेकब ॲस्टर आणि त्याची नवी नवरी मॅडलिन यांच्या गोतावळ्यात. पॅरिसमध्ये तिला निरोप मिळाला की पहिला नातू आजारी आहे, मग जी पहिली बोट मिळेल तिचं तिकीट काढलं, ती ही. १० एप्रिलला संध्याकाळी शेरबर्ग बंदरात चढली, हेलेन मागे राहिली म्हणून वाचली म्हणायचं. बोट हिमनगाला धडकल्यावर ती इतर बायकांना चढवत होती, शेवटी तिला सहा नंबरच्या बोटीत टाकलं. बोटीत जागा ६५ जणांची आणि बसलेले निम्म्याहून कमी. सुकाणूवर रॉबर्ट हिचेन्स, धडक झाली तेव्हा टायटॅनिकच्या चाकावर होता तोच. पाण्यातल्या लोकांना घ्यायला मागे फिरू म्हणून बायका सांगत होत्या, तो म्हणे नाही, उलट आता आपणही मरणार असं रडगाणं लावलं, तेव्हा हिने वल्हं घेतलं, बायकांनाही वल्हवायला लावलं, अंगात ऊब राहावी म्हणूनही, आणि हिचेन्सला पाण्यात टाकून देईन म्हणाली. पण खरं सांगू का, मला तिचा बोटीतला भाग कमी आवडतो, वाचलेल्यांना उचलणाऱ्या कार्पेथिया जहाजावर पोचल्यावरचा जास्त. तिला भाषा येत होत्या, ती तिसऱ्या वर्गातल्या बायकांशी बोलत फिरली, नवरा गेला, पोरं गेली, पैसा गेला, इंग्लिश येत नाही, अशा बायका, त्यांच्या याद्या केल्या, आणि पहिल्या वर्गातल्या वाचलेल्यांकडून वर्गणी गोळा केली. न्यूयॉर्कला बोट लागेपर्यंत जवळजवळ १०,००० डॉलरचे आकडे लिहून झाले होते. पुढे मे मध्ये वाचलेल्यांच्या कमिटीतर्फे कार्पेथियाच्या कॅप्टन रॉस्ट्रनला चांदीचा चषक आणि सगळ्या खलाशांना पदकं दिली, कमिटीची प्रमुख हीच. आणि सेनेटच्या चौकशीत साक्षीला मात्र हिला बोलावलं नाही.

अनघा_पुणे

धन्स गं! वर्गणीची वही घेऊन फिरणारी बाई म्हटल्यावर एकदम ओळखीची वाटायला लागली, आमच्या गणपती मंडळातल्या काकूच.

नाणेवाला

उशिरा आलो धाग्यावर, पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. मृदुलाताईंनी वर एका ओळीत उडवलंय, "लार्ज यांचा पैसा १८९३ च्या मंदीत बुडाला". तो बुडवण्यात आपल्या मुंबईच्या टांकसाळीचाही हात आहे.

झालं असं, तोपर्यंत हिंदुस्थानात कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावं, थोडी मजुरी द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत अशी सोय होती. त्यामुळे जगातल्या चांदीला हिंदुस्थान हे हक्काचं गिऱ्हाईक. पण चांदी स्वस्त होत गेली तशी रुपयाची किंमत पाउंडापुढे घसरायला लागली आणि सरकारला लंडनला पैसे पाठवताना जास्त रुपये मोजावे लागू लागले. शेवटी २६ जून १८९३ ला कायदा करून लोकांच्या चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या. चार-पाच दिवसांत जागतिक बाजारात चांदी कोसळली. त्याच आठवड्यात कोलोरॅडोतले खाणवाले आणि भट्टीवाले यांनी कामं बंद करायचं ठरवलं, जुलैमध्ये डेन्व्हरच्या बँका धडाधड दारं लावायला लागल्या. वर नोव्हेंबरमध्ये अमेरिकन सरकारनेही दर महिन्याला चांदी विकत घ्यायचा शेर्मन कायदा रद्द केला, म्हणजे राहिलेलं गिऱ्हाईकही गेलं. लार्ज साहेबांसारख्या चांदीवाल्यांचं दिवाळं वाजलं आणि त्याच वर्षी ब्राऊनच्या खाणीत सोनं सापडलं. चांदीवाला खाली, सोनंवाला वर, आणि घर एकाकडून दुसऱ्याकडे. फोर्टमधल्या टांकसाळीचं दार लागलं नसतं तर पेनसिल्व्हेनिया स्ट्रीटचं ते दार ब्राऊनबाईंना उघडलं असतं का, सांगता येत नाही.

चौकसबुवा

नाणेवाले, आजच्या दिवसाची पोस्ट. हे म्युझियममध्ये का नाही सांगत?

धनंजय_ऑस्टिन

+१. टूरमध्ये लेडव्हिलची गोष्ट सांगतात पण ती गवताच्या गाठीवरच थांबते.

अनघा_पुणे

आणि त्या स्वतः कधी भारतात आल्या होत्या का?

मृदुला_कोलोरॅडो

हो! १९०२ मध्ये नवराबायको जगप्रवासाला गेले त्यात आयर्लंड, फ्रान्स, रशिया, जपान आणि भारत होता. घर रिकामं म्हणून तेवढ्या काळात ते कोलोरॅडोच्या गव्हर्नरला, जेम्स ऑरमनना, राहायला दिलं होतं, म्हणून घराच्या माहितीत "काही काळ गव्हर्नरचा बंगला" असंही येतं.

गवतीचहा

भारताचा विषय निघालाच आहे तर टायटॅनिकवर मुंबईहून निघालेली एक बाई होती, ॲनी फंक. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची अमेरिकन मिशनरी, जांजगीरला (आताच्या छत्तीसगडमध्ये) मुलींची शाळा चालवायची. आई आजारी म्हणून तार आली, मुंबईहून बोटीने निघाली, इंग्लंडला पोचली तर कोळशाच्या संपामुळे तिची ठरलेली हॅवरफर्ड बोट सुटणार नव्हती, म्हणून टायटॅनिकवर बदलून घेतलं. १२ एप्रिलला बोटीवरच अडतिसावा वाढदिवस झाला. ती गेली. दोघीही घरचं कोणी आजारी म्हणून निघालेल्या, ही आईसाठी, ती नातवासाठी.

रेवसचा_विनू

वाचतोय सगळं. आमच्याकडे बोट म्हटली की रामदास. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली, गटारी अमावस्येला, सहाशेहून जास्त माणसं गेली. वाचलेली माणसं पोहत किनाऱ्याला लागली, त्यांनीच जाऊन सांगितलं तेव्हा मुंबईला कळलं. आमच्या भागात म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलंय लहानपणी. वाचलेल्या कोणाचं घर जपलंय, पाटी आहे, असं मी तरी पाहिलं नाही. अस्वल नको, सोनेरी कागद नको, पण कोणाच्या घरी बोटीचं तिकीट, कोटाचं बटण, काहीतरी असेलच की.

सुलभामावशी

विनू, माझे वडील त्या दिवशी जाणार होते असं आमच्या घरात प्रत्येक मावशी सांगायची. अख्खा गिरगाव त्या दिवशी जाणार होता बहुतेक.

रेवसचा_विनू

हो मावशी, आमच्याकडेही प्रत्येक घरात एक जण "थोडक्यात राहिलेला" आहे :)

बोस्टनचा_बंड्या

जहाज फुटून वाचलेल्याच्या घराचं म्युझियम म्हणाल तर आमच्याकडे मॅसॅच्युसेट्समध्ये फेअरहेवनला एक आहे आणि माझ्या मते ते डेन्व्हरच्या घरापेक्षा सरस (मृदुला, दगड मारू नकोस). मांजिरो म्हणून जपानी कोळ्याचा पोरगा, चौदा वर्षांचा, १८४१ मध्ये चार जणांबरोबर मासेमारीला गेला आणि वादळात भरकटून तोरिशिमा नावाच्या ओसाड बेटावर लागला. १४३ दिवस तिथे अल्बाट्रॉस पक्षी खाऊन जगले. मग जॉन हाउलंड या अमेरिकन देवमाशांच्या शिकारी जहाजाने उचललं. जपान तेव्हा बंद, परत गेलं तर मृत्युदंडाची भीती, म्हणून कॅप्टन व्हिटफील्डने पोराला १८४३ मध्ये आपल्या गावी आणलं, शाळेत घातलं. कॅप्टन चर्चला घेऊन गेला तर तिथले लोक म्हणाले पोराने काळ्या लोकांच्या बाकावर बसायचं, तर कॅप्टनने चर्च सोडलं आणि जे चर्च घेईल तिकडे गेला. पुढे मांजिरो कॅलिफोर्नियात सोनं शोधून प्रवासाचे पैसे जमवून १८५१ मध्ये जपानला पोचलाच, आणि अमेरिकन आरमार दारात आल्यावर जपानकडे इंग्लिश येणारा माणूस म्हणजे तो.

तर कॅप्टनचं ते घर पडायला आलं होतं, टोकियोतल्या एका वयोवृद्ध डॉक्टरांनी, शिगेआकी हिनोहारांनी, जपानमध्ये पैसे जमवून ते घेतलं, दुरुस्त केलं आणि २००९ मध्ये गावाला देऊन टाकलं. साधं लाकडी घर. सोनेरी काही नाही. गावच्या लायब्ररीत मांजिरोच्या मुलाने १९१८ मध्ये भेट पाठवलेली तलवार होती, ती १९७७ मध्ये चोरीला गेली, मग जपानहून दुसरी आली. तेव्हा चौकसबुवा, तिथेही "मूळची" तलवार नाही बरं का, जाऊ नका.

चौकसबुवा

चोरीला गेली हे पाटीवर लिहिलं असेल तर जाईन. माझा राग खोट्या वस्तूवर नाही, गप्प बसलेल्या वस्तूवर आहे. डेन्व्हरच्या हॉलमध्ये तो काळ्या माणसाचा पुतळा नाही का, येणाऱ्याजाणाऱ्यांची व्हिजिटिंग कार्डं ठेवायला तबक घेऊन उभा, त्याच्यासमोरून सगळे फोटो काढत पुढे जातात. १९१० च्या फोटोत आहे म्हणून ठेवला, बरं, पण चार ओळी तरी.

केतकी_जीर्णोद्धार

त्यावर मी सहमत. फोटोत होता म्हणून काढून टाकला तर घर खोटं होतं, ठेवून गप्प बसलं तरी खोटंच. बरेच गाइड स्वतःहून बोलतात त्याच्याबद्दल, पण ते गाइडवर सोडायला नको.

मृदुला_कोलोरॅडो

हो, ते खटकतं. आणि अस्वलाजवळ ढीगभर वेळ जातो आणि स्वयंपाकघरातून लोक पटकन बाहेर पडतात हेही. तिथे कोळशाची चूल बघा आणि जरा विचार करा की वर जो रंगवलेला आकाशाचा सोहळा चाललाय त्याची भांडी कोण घासत होतं. मार्गारेट स्वतः दुकानात राबलेली मुलगी होती हे विसरायचं नाही. १९१४ मध्ये कोलोरॅडोतल्याच लडलोला कोळसा खाणकामगारांच्या संपावर गोळीबार झाला, तंबू जाळले, बायकामुलं मेली, तेव्हा खाणमालकाची बायको असून ती खाणकामगारांच्या कुटुंबांना मदत गोळा करत होती. मुलांना मोठ्या कैद्यांबरोबर तुरुंगात टाकू नये म्हणून डेन्व्हरच्या बालन्यायालयाच्या जज्ज लिंडसींबरोबर तिने पैसे उभे केले. टायटॅनिकमुळे तिचं नाव पेपरात आलं आणि त्या नावावर तिने पुढे या सगळ्यासाठी आवाज चढवला, हे तिचं खरं शहाणपण.

तात्या_सांताक्लारा

ते नोटा चुलीत जळाल्याची गोष्ट खरी आहे का? नवऱ्याने थंडी म्हणून चूल पेटवली आणि आत बायकोने लपवलेले पैसे?

मृदुला_कोलोरॅडो

नाही हो. ती गेल्यावर रंगवून रंगवून लिहिलेल्या दंतकथांपैकी आहे. "मॉली" सुद्धा त्यातलंच, हयातीत तिला मॅगी नाहीतर मार्गारेट म्हणत, मॉली केलं नंतरच्यांनी, १९६० च्या ब्रॉडवेवरच्या नाटकाने तर ते पक्कंच करून टाकलं. आता पाटीवर तेच, कारण मार्गारेट ब्राऊनचं घर म्हटलं तर कोण येणार?

सुलभामावशी

मृदुला, मी सप्टेंबरात लेकीकडे येतेय डेन्व्हरला. गुडघे बरे नाहीत, जिने किती आहेत ते सांग आधी, बाकी अस्वलबिस्वल नंतर.

मृदुला_कोलोरॅडो

मावशी नक्की या! वरच्या मजल्यांवर जिन्यानेच जावं लागतं आणि जिना जुन्या घराचा. पण सोनेरी भिंती, दिवाणखाना, जेवणाची खोली, स्वयंपाकघर हे सगळं खालीच आहे, माझ्या मते सत्तर टक्के मजा खालीच संपते. तिकीट आधी ऑनलाइन काढायला सांगा लेकीला, टूरची वेळ ठरलेली असते आणि शनिवार-रविवार भरतात. तिकिटाचं आणि दुकानाचं सगळं मागच्या बग्गीखान्यात आहे, पुढच्या दारात सिंहांपाशी उभ्या राहू नका. आणि पाणी पीत राहा, इथली उंची पहिले दोन दिवस डोकं धरते.

सुलभामावशी

खालचंच बघते मग. आणि सोळा डॉलरच्या चपलांची ती यादी कोणीतरी मला प्रिंट काढून द्या, मी गाइडला विचारणार आहे.